वाचकांचे प्रश्न : ओझं, घमेलं आणि सोन्याची रेती

सोन्यामागे धावलेल्या माणसांच्या काळातल्या, बहीण-भावांच्या साहसाच्या किशोर-कादंबऱ्यांवर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतली आहेत.

सातवीच्या वर्गाला क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेल्या बहीण-भावाची कादंबरी रोज एक प्रकरण वाचून दाखवते. मुलांना एक गोष्ट पटत नाही : सोनं शोधायला निघालेला माणूस टनभर सामान कशाला वाहील? – शिक्षिका, कुरखेडा तालुका

ताई, मुलांनी नेमकं बोट ठेवलं आहे. क्लोंडाइक ही कॅनडाच्या युकॉन भागातली नदी. ऑगस्ट १८९६ मध्ये तिला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. जुलै १८९७ मध्ये ते सोनं घेऊन दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागली, आणि अंदाजे लाखभर माणूस घर सोडून निघाला. पोचले तीस-चाळीस हजार. तिकडं ना शेत, ना बाजार, आणि हिवाळा सात-आठ महिन्यांचा. माणसं उपाशी मरतील म्हणून कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी वाटेतल्या चिलकूट खिंडीच्या माथ्यावर चौकी बसवली. वर्षभराची शिधासामग्री असेल त्यालाच पुढं सोडायचे. अवजारांसकट ते ओझं माणशी ९०० किलोच्या घरात जायचं. त्या काळच्या एका यादीत पीठ १८० किलो, खारवलेलं मांस ६८ किलो, घेवड्याचे दाणे ५७ किलो आणि चहा साडेचार किलो आहे. शेगडी, कुऱ्हाड, करवत, खिळे वेगळे.

आता हे फळ्यावर मांडा. डीएपी खताचं पोतं ५० किलोचं, म्हणजे अशी १८ पोती. चढावर एका खेपेला ३० किलो धरले तर ३० खेपा झाल्या. पाच किलोमीटरच्या टप्प्यात ३० वेळा ओझं घेऊन जायचं आणि २९ वेळा रिकामं परत यायचं. चालणं झालं २९५ किलोमीटर. नागपूरहून अमरावतीला पायी जाऊन परत यावं एवढी पायपीट, आणि सामान सरकलं पाचच किलोमीटर! चिलकूट खिंडीची वाट साधारण ५३ किलोमीटरची होती, तेव्हा पुढचा गुणाकार मुलांनाच करू द्या. बारा वर्षांचा मुलगा १० किलोच उचलत असेल तर त्याच्या ९० खेपा. म्हणून एकानं वाहायचं आणि दुसऱ्यानं वर ठेवलेल्या ढिगाची राखण करायची, ही वाटणी अशा गोष्टीत खरी वाटते. भावंडं दोन दिवसांत सामानासकट खिंड ओलांडत असतील, तर लेखक सामान विसरला असं खुशाल समजा.

शेवटच्या चढावर बर्फात सुमारे १५०० पायऱ्या खोदल्या होत्या. माणूस रांगेतून बाजूला झाला की पुन्हा शिरायला बराच वेळ ताटकळायचा. ३ एप्रिल १८९८ ला त्याच वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून अधिक माणसं गेली. खिंडीपलीकडं बेनेट सरोवराच्या काठी झाडं तोडून स्वतः होडी बांधायची. ओंडका उंच मचाणावर ठेवायचा, एकानं वर उभं राहून आणि दुसऱ्यानं खालून करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यात सारखा भुसा. जिवलग मित्रांची भांडणं इथंच व्हायची, तर भावंडांचं काय झालं असेल ते मुलांना लिहायला सांगा.

इतिहासाच्या तासाला जोडायचं असेल तर एवढं सांगा, की १८९६-९७ मध्ये आपल्या मध्य प्रांतात दुष्काळ होता.

रेती धुऊन सोनं काढतात ते शाळेत करून दाखवता येईल का? – शिक्षक, पवनी

जरूर येईल, खर्चही फारसा नाही. फक्त नदीवर नेऊ नका. शाळेच्या आवारात मोठ्या टबात करा, रेती बांधकामाची चालेल.

खरं सोनं नको, पितळ घ्या. तुमच्या भंडारा जिल्ह्यात पितळेचं काम जुनं आहे, तार सहज मिळेल. दोन मिलिमीटरचे बरोबर २० तुकडे कापा आणि कडा कानशीनं मोडून घ्या. मोजून टाकले की शेवटी किती उरले यावरून हात किती बसला ते कळतं. घमेलं प्लॅस्टिकचं आणि काळं घ्या. लोखंडी घेतलं तर शेवटी चुंबक घमेल्यालाच जाऊन चिकटतो. नवं घमेलं गुळगुळीत आणि किंचित तेलकट असतं. ते राखेनं आणि बारीक रेतीनं आतून खरखरीत होईस्तोवर घासा. हे टाळू नका, कारण तेलाचा अंश राहिला की अगदी बारीक कण पाण्यावर तरंगतात आणि बाहेर जातात.

रेती चाळून दोनेक किलो घ्या, तुकडे मिसळा, घमेलं पाण्याखाली बुडवा. आधी बोटांनी सगळी ढेकळं फोडा. चिकणमातीची एक गोळी राहिली तरी ती आपल्या पोटात दोन-तीन तुकडे घेऊन जाते. मोठे खडे धुऊन, बघून फेका. मग घमेलं सपाट धरून पाण्याखालीच डावी-उजवीकडे १५-२० झटके द्या. जड माल तळाशी बसायला हा वेळ लागतो. आता पुढची कड थोडी खाली करा, पाण्यात बुडवा, उचला. वरची हलकी रेती पाण्याबरोबर निघून जाईल. पाच-सहा वेळा असं झालं की पुन्हा सपाट, पुन्हा झटके. नेमकं हेच पोरं विसरतात. रेती जाताना दिसली की हुरूप येतो, नुसतं ओतत राहतात आणि तुकडे वरच्या थरातून निसटतात. शेवटी दोन चमचे काळी रेती उरली की घोटभर पाणी घेऊन हळू फिरवा. काळ्या रेतीची शेपटी पडते आणि तिच्या टोकाला पिवळे तुकडे दिसू लागतात. जुन्या स्पीकरचा चुंबक पातळ पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. काळे लोहकण पिशवीला चिकटतील. पिशवी बाजूला नेऊन चुंबक काढला की ते गळून पडतात.

पहिल्या फेरीत २० पैकी १० मिळाले तरी उत्तम समजा. घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन, रेतीची २.६५ ग्रॅम, पितळेची ८.५ आणि सोन्याची १९.३. म्हणजे पितळ टिकवणं सोन्यापेक्षा अवघड आहे, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर हिरमुसतात. सुपानं पाखडताना वारा जे करतो तेच इथं पाणी करतं. हे सूप हातात देऊनच दाखवा, मोठी मंडळी शाळेत आली तर त्यांनाही लगेच उमगेल.

पारा मात्र वर्गात आणूच नका. खाणकामगार बारीक सोनं पाऱ्यात धरून तो तापवून उडवत. ती वाफ विषारी असते. कादंबरीत तो प्रसंग असेल तर वाचताना थांबून हे सांगा.

अशी गोष्ट आपल्या भागात घडवून लिहायची आहे. इकडं कधी सोन्यासाठी झुंड आली होती का? – आर्वीहून एक वाचक

झुंड नाही, पण सोनं धुणारी माणसं होती. पूर्व विदर्भातल्या नदीनाल्यांची रेती लाकडी काथवटीसारख्या पात्रात धुऊन कण वेचणारा सोनझारी समाज. झारणं म्हणजे गाळून, धुऊन काढणं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे नाव आजही आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात त्यांची माहिती सापडेल. सोनाराच्या दुकानातला केरही हे लोक धूत. त्यांच्या घरातली दोन भावंडं घेतलीत, तर कॅलिफोर्नियाला जायची गरजच उरत नाही.

पोरांना दूर पाठवायचंच असेल तर कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी बघा. १८८० मध्ये जॉन टेलर ही इंग्रज खाणकंपनी तिथं उतरली. त्या दशकातला प्रवास असा लिहा : नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली, म्हणून नागपूर, भुसावळ, कल्याण, पुणे, रायचूर, अरक्कोणम, जोलारपेट आणि बाउरिंगपेट, म्हणजे आजचं बंगारपेट. खाणीपर्यंतचा रेल्वेफाटा १८९४ चा. त्याआधी शेवटचे पंधराएक किलोमीटर बैलगाडी. पण एक जपा. कोलारचं सोनं खडकात खोलवर असतं, ओढ्याच्या रेतीत नाही. तिथं घमेलं घेऊन बसलेली मुलं दाखवू नका.

माझी मुलगी विचारते, गोऱ्या लोकांच्या आधी तिथं कोण राहत होतं? पुस्तकात तर नुसतं रान आहे. – एटापल्ली

मुलीला सांगा, तिथं माणसं होती आणि वाटाही त्यांच्याच होत्या. चिलकूटची वाट ट्लिंगिट लोकांची जुनी व्यापारी वाट. क्लोंडाइकच्या मुखाशी हान या तिथल्याच आदिवासींची मासेमारीची वस्ती होती. झुंड आल्यावर त्यांना नदीकाठानं खाली मूसहाइडला जावं लागलं. कॅलिफोर्नियात जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं, तेव्हा मूळ रहिवासी अंदाजे दीड लाख होते. १८७० पर्यंत ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली, तिन्ही कारणं खरी आहेत.

आणि बहीण-भावंडांच्या कादंबरीला लागून असलेली गोष्ट ही : ऑगस्ट १८९६ मध्ये ज्या टोळीला सोनं सापडलं, तिच्यात टॅगिश समाजातला स्कूकम जिम, त्याची बहीण केट, भाचा चार्ली आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक होते. शोध लावणारा म्हणून नोंद झाली ती कारमॅकची. आदिवासी माणसाच्या नावावर तो हक्क मान्य होणार नाही, ही धास्ती त्यामागं होती. जिम आणि चार्लीला शेजारचे पट्टे मिळाले. केटच्या नावावर काहीच नाही. तुमच्या मुलीच्या प्रश्नातून एक अख्खी कादंबरी निघते, आणि ती मराठीत यावी असं मनापासून वाटतं.

आमच्या वर्गातले पोट्टे म्हणतात, गोष्टीतल्या दोघांना संत्र्याएवढा सोन्याचा गोळा सापडला अन् त्यातल्या एकानं तो खिशात टाकून धूम ठोकली. खरं का? – इयत्ता सहावी, काटोल

हिशोब करू. सात सेंटिमीटर व्यासाचं संत्रं पाण्यात बुडवलं तर सुमारे १८० मिलिलिटर पाणी बाजूला सरतं. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, म्हणून १८० ला १९.३ नं गुण, उत्तर साडेतीन किलोच्या जवळ. पावसाळी चपलेत चिखल घेऊन पळतो तसा तो पळेल, पण खिसा उसवेल. नदीतल्या गोळ्यात गारगोटी आणि चांदीही असते, म्हणून थोडं कमी धर. खरा की खोटा ते हातोडीनं कळतं. सोनं चपटं होतं, सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइट या खनिजाचा मात्र चुरा होतो.

आणि संत्र्यावरच थांबू नकोस. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर सत्तर किलोंच्या आसपासचा गोळा निघाला होता. तो तोलायला तिथं एवढा मोठा काटाच नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तीन तुकडे करावे लागले.