सगळ्या "मस्त" म्हणाल्या, मग घेत का नाही कुणी?

प्रश्न: मी घरी नाचणीची शेव करते. हळदीकुंकवाला सोसायटीतल्या सगळ्यांना चाखायला दिली, फॉर्मपण भरून घेतले, जवळजवळ सगळ्यांनी "नक्की घेऊ" लिहिलं. आता २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना ठेवलंय तर उठावच नाही. चवीत काही कमी आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, चवीचं त्या फॉर्मवरून काहीच कळणार नाही. तुमच्याच घरात बसून, हातात वाण घेऊन, तुमच्या तोंडावर कोण म्हणणार की शेव जरा कडक झालीय म्हणून? त्यात पहिलीने "अय्या मस्त" म्हटलं की बाकीच्या तेच म्हणतात. आणि फॉर्मवर भाव लिहिला होता का? नसणारच. फुकटात "नक्की घेऊ" लिहायला काय जातंय!

मोठमोठे पण यात आपटलेत. कोका कोलाने १९८५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फॉर्म्युला बदलला, त्याआधी जवळपास २ लाख लोकांना चव घ्यायला लावली होती आणि त्यात नवीन, जास्त गोड कोकच पुढे होतं, तरी लोक इतके भडकले की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. एक तर घोटभर पिताना गोड बाजी मारतं, घरी बसून अख्खा कॅन संपवायचा म्हणजे वेगळं, आणि दुसरं म्हणजे चव घेणाऱ्यांना कुठे माहीत होतं की नवीन निवडलं तर जुनं कायमचं जाणार. तुमचं पण तेच, चिमूटभर शेव कुणालाही आवडते हो.

आता परत करायचंच असेल तर तुमची आणि बाजारातली, दोन्ही शेव सारख्याच वाट्यांत ठेवा. वाट्यांना १-२ किंवा अ-ब नको, लोक उगाच पहिल्याला झुकतं माप देतात, ४७२ आणि ८१५ असे कसलेही आकडे टाका. निम्म्यांना आधी ही द्या, निम्म्यांना आधी ती, मधे पाणी. विचारायला तुम्ही थांबू नका, ओळख नसलेलं कुणीतरी बसवा, आणि "आवडली का?" यापेक्षा "मागच्या वेळी शेव कुठून घेतली, केवढ्याला?" हे विचारा. फक्त सोसायटीतल्या बायका नकोत, शुगरवाले काका-काकू, डबा नेणारी मुलंपण हवीत.

सँपल वाटणं मात्र बंद. ५० ग्रॅमचं पाकीट २५ रुपयांना विका आणि पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा मागायला कोण आलं तेवढं वहीत लिहा, ते फॉर्म रद्दीत गेले तरी चालतील.