भंगारातले पार्ट वापरून कमी खर्चात गो-कार्ट बनवता येईल का? इंजिन अ‍ॅक्टिव्हाचे घ्यावे की स्प्लेंडरचे?

आपण डिप्लोमाला आहात, वेल्डिंग येते, घरामागे मोकळी जागा आहे आणि पैसे बेताचे आहेत. अशा स्थितीत जुने पार्ट जमवून गो-कार्ट (जमिनीलगतची छोटी, उघडी चारचाकी) उभी राहील का आणि इंजिन कोणते बरे, असे आपण विचारले आहे. कार्ट उभी राहील. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी जी पहिली कार्ट बांधली, तिचे इंजिनही गवत कापण्याच्या यंत्राचेच होते, तेव्हा जुन्या मालातून कार्ट बांधण्यात कमीपणा काहीच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे काम असल्याने दरवर्षी आपल्यासारखी मुले असे प्रकल्प घेऊन येतात, त्यावरून जे समजले ते लिहितो.

बहुतेकांचा हिशेब एका ठिकाणी चुकतो. भंगारात पार्ट स्वस्त मिळतात हे खरे असले, तरी एका गाडीचे इंजिन, दुसरीचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र) आणि तिसरीची ब्रेकची डिस्क आणली की त्यांना एकमेकांशी जुळवण्यासाठी लेथवर बुश (भोकात बसणारी नळी), फ्लँज (पार्ट जोडायची गोल तबकडी) आणि अ‍ॅडॉप्टर करून घ्यावे लागतात, आणि पार्टमध्ये वाचवलेले पैसे लेथवाल्याकडे जातात. म्हणून पार्ट सुटे घेऊ नका. बॉडी सडलेली पण इंजिन चालू असलेली एक अख्खी गाडी घ्या. इंजिनासोबत कार्बोरेटर, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारी पेटी), वायरिंग, सायलेन्सर, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली, साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकमेकांशी जुळलेले मिळतात, आणि घेण्यापूर्वी किक मारून इंजिनाचा आवाज ऐकता येतो.

आता अ‍ॅक्टिव्हा की स्प्लेंडर. अ‍ॅक्टिव्हाला गिअर नाहीत, त्यामुळे ती सोपी वाटते. परंतु तिच्यात बेल्ट, गिअरपेटी आणि मागचे चाक हे सगळे इंजिनाच्या एकाच सांगाड्यात बसवलेले असते, बाहेर येणारा शाफ्ट थेट चाकाच्या वेगाने फिरतो आणि त्यावर स्प्रॉकेट बसवायचे तर पुन्हा लेथकाम आलेच. स्प्लेंडरचे इंजिन फ्रेमचे बोल्ट सोडले की मोकळे होते आणि साखळीचे स्प्रॉकेट डाव्या बाजूला आयते असते. गिअरचा खटका हातापर्यंत आणण्यासाठी एक दांडी आणि दोन जोड करावे लागतील, तेवढेच. मी स्प्लेंडरच्या बाजूने आहे. कार्ट लहान भावंडांसाठी असेल, तर मात्र जुनी टीव्हीएस एक्सएल सुपर पाहा: सुमारे ७० सीसी, गिअर नाही, क्लच आपोआप लागतो आणि साखळीही आहे.

स्प्रॉकेट बदलायचे का, हे अंदाजाने ठरवू नका. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, स्पार्क प्लग काढा, फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरचे जड चाक) आणि पुढच्या स्प्रॉकेटवर खडूने एकेक खूण करा आणि स्प्रॉकेटचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत फ्लायव्हील किती वेळा फिरते ते मोजा. स्प्लेंडरमध्ये हा आकडा चारच्या जरा आत येतो. स्प्रॉकेटचे दाते पुढे १४ आणि मागे ४२ धरले तर आणखी तीनपट कपात होते, म्हणजे इंजिन मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर असताना मागचा अ‍ॅक्सल साधारण ४७० फेरे घेतो. मोटारसायकलच्या अठरा इंची चाकाऐवजी स्कूटरचे दहा इंची चाक लावले, तर त्याचा परीघ १.३५ मीटरच्या आसपास असतो आणि वेग ताशी ३८ किलोमीटर भरतो. लहान चाकानेच आपले काम केले, मूळ स्प्रॉकेटची जोडी तशीच चालते. इंजिन आणखी पिळले तर वेग पन्नाशीच्या पुढे जाईल, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्याला तो पुष्कळ वाटतो.

चाकांसाठी जुन्या चेतक उत्तम, कारण तिची पुढची, मागची आणि स्टेपनी अशी तिन्ही चाके एकाच मापाची असतात. दोन स्कूटरमध्ये चार चाके आणि वर दोन शिल्लक. त्या रिम दोन पत्री अर्धांच्या आहेत आणि नटांनी जोडलेल्या असतात, म्हणून ते नट सोडण्यापूर्वी टायरमधली हवा पूर्ण काढा. सामानाच्या ट्रॉलीची चाके वापरू नका. ती वेगासाठी नसतात.

फ्रेमसाठी २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाइप घ्या. मीटरला सव्वा किलोच्या आत वजन भरते, त्यामुळे पंधरा मीटर पाइप सतरा किलोच्या आसपास जातो. हा पाइप नवाच घ्या, कारण भंगारातला पाइप आतून गंजलेला असला तर बाहेरून कळत नाही. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर) स्पर्धेच्या नियमात १०१ ते १०७ सेंटिमीटर असतो आणि दोन चाकांमधली रुंदी त्याच्या किमान दोन तृतीयांश असावी लागते. मात्र ती मापे पाच इंची रिमच्या कार्टसाठी आहेत, दहा इंची चाके लावल्यावर पायांना जागा उरावी म्हणून आपल्याला थोडे लांब जावे लागेल. फरशीवर खडूने पूर्ण आकाराचा नकाशा काढा, त्यावर पाइप ठेवून आधी फक्त टाके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग करा, आणि तेही एका बाजूने सरळ न करता आलटून पालटून.

सर्वात जास्त वेळ स्टिअरिंगला द्या. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नसतो. मागची दोन्ही चाके एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट असतात, त्यामुळे वळताना एका चाकाला घसटावेच लागते आणि गाडी वळायला कुरकुरते. यावरचा उपाय पुढच्या किंगपिनमध्ये (जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती खीळ) आहे: तिला दहा-बारा अंश मागे कलंडवले की स्टिअरिंग फिरवल्यावर आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, फ्रेमला किंचित पीळ बसतो आणि आतले मागचे चाक जमिनीवरून हलके होते. म्हणूनच फ्रेम मजबूत करण्याच्या भरात तिला आडवे-तिडवे पाइप जोडून दगडासारखी ताठ करू नये. स्टिअरिंग आर्मचे (चाक वळवणारी छोटी दांडी) भोक कुठे पाडायचे, यासाठी किंगपिनपासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यबिंदूपर्यंत दोरी ताणा. भोक त्या दोरीच्या रेषेत आले पाहिजे. स्टिअरिंगचा शाफ्ट जोडायचा असेल तर टोकाला टोक लावून वेल्ड करू नका, आत स्लीव्ह घाला. टाय रॉडचे (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारी दांडी) बॉल जॉइंट, ८.८ ग्रेडचे मजबूत बोल्ट आणि नायलॉक (आपोआप न सुटणारे) नट यांत काटकसर करू नका, नवे घ्या.

मागच्या अ‍ॅक्सलसाठी ३० मिलिमीटरचा ईएन ८ पोलादाचा ब्राइट बार आणि त्याच मापाचे यूसीपी २०६ पेडेस्टल बेअरिंग (फ्रेमला बोल्टने बसणारे) ही जोडी घ्या. चाकांचे, स्प्रॉकेटचे आणि ब्रेक डिस्कचे फ्लँज की-वे (चावी बसण्याची खाच) पाडून करून घ्या. लेथवर खर्च करायचा तो इथे. एकच डिस्क अ‍ॅक्सलवर लावली तरी दोन्ही मागची चाके थांबतात, त्यामुळे मागे डिस्क असलेल्या बाइकचा पायाचा मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइल दाबणारा) आणि कॅलिपर (डिस्कला पकडणारा) जुना चालेल, पण त्याचे सील किट आणि ब्रेक ऑइल नवे टाका.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आधीच ठरवून ठेवा. इंजिन गाडीत ज्या कोनात होते त्याच कोनात बसवा, नाहीतर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी आणि इंजिन ऑइलची पातळी दोन्ही बिघडतात. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते, म्हणून टाकी कार्बोरेटरच्या वर हवी आणि सीट व इंजिन यांच्यामध्ये पत्रा हवा. साखळी आणि फिरता अ‍ॅक्सल पूर्ण झाका. लांब केस किंवा ओढणी अ‍ॅक्सलमध्ये गुंतून जीव गेल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. अ‍ॅक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा लावा, म्हणजे एक तुटली तरी पेडल परत येईल, आणि इंजिन लगेच बंद करणारा किल स्विच हाताजवळ ठेवा. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा) नसेल तर सीटबेल्ट लावू नये, हेल्मेट मात्र हवेच.

गाडी घेताना आरसीवरचे इंजिन आणि चॅसिस नंबर प्रत्यक्ष जुळवून पाहा, विक्रेत्याकडून पावती घ्या आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मूळ मालकाला नोंदणी रद्द करायला सांगा. त्याच कायद्याच्या कलम ३९ मुळे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे गल्लीत एक फेरीसुद्धा नको. चाचणीसाठी मालकाला विचारून एखादे मोकळे आवार मिळवा, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर थांबून प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासा.