यादीतलं स्वतःचं नाव

प्रिय पोरा,

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "तालमीनं मला फुटबॉल संघाचा खेळाडू-कोच केलंय," आणि मी लगेच अभिनंदन केलं नाही. तुला ते लागलं असणार. अभिनंदन आहेच. पण पेठेचा लाडका आघाडीपटू, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, अजून खेळायची हौस न फिटलेला, तो कोच होतो म्हटलं की मला केनी डाल्ग्लिश आठवतो. त्याचं सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

त्याचे गोल तू मोबाइलवर पाहिले असशील. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा माणूस. १९७७ साली इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबनं त्याला तिथल्याच सेल्टिककडून ४ लाख ४० हजार पौंडांना घेतलं. ब्रिटिश क्लबांमधला तो तेव्हाचा विक्रम. केविन कीगन हॅम्बर्गला गेला होता, त्याचा सात नंबर याच्या पाठीवर आला. पुढच्याच मे महिन्यात वेम्बलीवर युरोपियन कपचा अंतिम सामना झाला, समोर क्लब ब्रुग. एकच गोल झाला, तो याचा. गोलकीपर खाली येईपर्यंत हा थांबला आणि मग चेंडू त्याच्यावरून अलगद उचलला. पायात फार वेग नव्हता. खेळ सगळा त्या थांबण्यात होता.

मॅनेजर झाला तो मात्र फार वाईट दिवसांत. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे समर्थक युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी क्लबनं ३४ वर्षांच्या डाल्ग्लिशला खेळाडू-मॅनेजर म्हणून लोकांपुढे आणलं. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांना आज संघाबाहेर ठेवायचं. कर्णधार फिल नील याला स्वतःलाच ती जागा हवी होती. डाल्ग्लिशनं कर्णधारपद काढून आपला जवळचा मित्र ॲलन हॅन्सनला दिलं. बाहेरून बघणाऱ्याला ही सरळसरळ वशिलेबाजी वाटावी. त्याच हिवाळ्यात नील बोल्टनला निघून गेला. तुझ्याही संघात एक नील असणार. तो कोण, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याला जे सांगायचं ते तू स्वतः सांग, सामन्याच्या आदल्या दिवशी. व्हॉट्सॲपवर यादी टाकून मोकळा होऊ नकोस.

आता माझ्या मते खरी गोष्ट. त्या पहिल्या मोसमात लीगचे ४२ सामने होते. डाल्ग्लिश त्यातले निम्मेच खेळला. क्लबमधला सगळ्यात लाडका खेळाडू, यादी लिहिणारा हात त्याचाच, आणि तरी पॉल वॉल्श चांगला खेळतोय म्हटल्यावर यानं स्वतःचं नाव लिहिलं नाही. वॉल्श जखमी झाल्यावर परत उतरला. ३ मे १९८६ ला चेल्सीच्या मैदानावर उंचावरून आलेला चेंडू छातीवर घेतला, खाली टेकू न देता मारला, १-०, लीग जिंकली. आठवड्याभरानं त्याच शहरातल्या एव्हर्टनला ३-१ हरवून एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धाही घेतली. लोकांना तो छातीवरचा चेंडू आठवतो. मला आठवतात ते सामने, ज्यांत तो बाकावर किंवा स्टँडमध्ये बसून राहिला.

कारण मला ते जमलं नाही. छत्तिसाव्या वर्षी मी एका अंतिम सामन्यात स्वतःला खेळवलं. विसाव्या मिनिटाला पाय जड झाले. मला बाहेर काढायचा अधिकार फक्त मला होता, तो मी वापरला नाही. लोक टाळ्या वाजवत होते ना! आम्ही हरलो.

डाल्ग्लिशच्या मदतीला बॉब पेझली होता, त्याच क्लबला तीन युरोपियन कप जिंकून देऊन निवृत्त झालेला. असा एक जुना माणूस तूही जवळ ठेव, तुला "आता बाहेर ये" म्हणू शकेल असा. मला बोलावू नकोस. तू खेळत असलास की माझे डोळे आंधळे होतात.

पुढचं थोडक्यात लिहिणार होतो, पण हिल्सबरो थोडक्यात लिहिता येत नाही. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो स्टेडियम, लिव्हरपूलची एफए कपची उपांत्य फेरी. लोखंडी जाळीमागच्या गर्दीत माणसं चिरडली. आज तो आकडा ९७ आहे. नंतर ॲनफिल्डची, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानाची, दारं उघडली, अर्धं मैदान फुलांनी भरलं. डाल्ग्लिश अंत्ययात्रांना जात राहिला, एका दिवशी तर चार. मृतांच्या घरच्यांना भेटला. लिव्हरपूलमध्ये त्याच्यावर जे प्रेम आहे त्यात गोलांपेक्षा याचा वाटा मोठा, असं मी मानतो. पुढच्या वर्षी लीगही जिंकला. बाहेरून सगळं ठीक.

मग २० फेब्रुवारी १९९१. एव्हर्टनविरुद्ध कपचा सामना, चारदा आघाडी घेऊन ४-४. दोन दिवसांनी त्यानं राजीनामा दिला, तेही संघ लीगमध्ये अव्वल असताना. पुढे त्यानंच सांगितलं, बचावात काय बदलायला हवं ते त्याला दिसत होतं, पण बदल करणं त्याच्याच्यानं होईना. हे नीट वाच. खेळाडू दमला की पायात कळतं, सगळ्या स्टेडियमला दिसतं. कोच दमला की फक्त निर्णय लांबतात, आणि ते बाहेर कुणाला कळत नाही. तुझ्या बाबतीत असं होऊ लागलं, तर घरच्यांना आधी कळेल. त्यांचं ऐक.

तो संपला नाही, हेही खरं. आठ महिन्यांत दुसऱ्या विभागातल्या ब्लॅकबर्नकडे गेला, त्यांना वर आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि १९९५ ला प्रीमियर लीग जिंकली. गंमत बघ, शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न हरलं, तेही ॲनफिल्डवर. तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत रोखलं म्हणून चषक मिळाला.

चुकलाही. २०११ ला लिव्हरपूलला मॅनेजर म्हणून परतल्यावर त्याचा आघाडीपटू सुआरेझ याच्यावर वर्णद्वेषी बोलल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी आली, तर संघ त्याच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून मैदानात आला. मॅनेजरनं ते थांबवायला हवं होतं. आपल्या पेठांची ईर्ष्या तुला माहीत आहे. आपला पोरगा चुकला की आधी समोरच्या तालमीला शिव्या. तुझ्या बाकावर हे चालू देऊ नकोस, गॅलरी काय वाटेल ते ओरडू दे.

रविवारी शाहू स्टेडियमवर मी नेहमीच्या पायरीवर असेन. सामना झाल्यावर चहाला थांब. आणि गुडघ्याला बर्फ लाव, खेळलास तरी आणि नाही खेळलास तरी.

तुझा,
काका