बाटल्यांपासून बनवलेली जर्सी घ्यावी का?

आपल्या क्लबची नवी जर्सी जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेल्या कापडाची घ्यावी का, असे आपण विचारले आहे. घ्यायचीच असेल तर जरूर घ्या. परंतु नवी जर्सी मुळात लागते का, हे आधी ठरवा.

आमच्या कबड्डी मंडळात हा वाद अनेक वर्षे चालला. प्रायोजक बदलला की छातीवरचे नाव बदलावे लागते, म्हणून आमचे तत्कालीन खजिनदार दर हंगामात नवा संच शिवून घेत. सब्लिमेशन छपाईत शाई उष्णतेने वायुरूप होऊन थेट पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. ते नाव धुऊन जात नाही की खरवडून निघत नाही, आणि धडधाकट जर्सी केवळ जुन्या जाहिरातीपायी पोत्यात जाते. मंडळाचे नाव व क्रमांक तेवढे छापावेत आणि प्रायोजकाचे नाव वेगळ्या कापडी पट्टीवर घेऊन वरून शिवावे, असे मी सुचवले. खजिनदारांना ते दारिद्र्याचे प्रदर्शन वाटले. अखेर ठराव मंजूर झाला, आणि पकडीतल्या ओढाताणीत बगलेत उसवलेल्या जर्सी ओव्हरलॉक (कड उसवू न देणारी शिलाई) मारून आम्ही आजही वापरतो. यात ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील ब्रेंटफर्डकडे पाहावे. त्या क्लबने २०२१-२२ ची घरच्या सामन्यांची जर्सी पुढच्या हंगामातही कायम ठेवली.

खजिनदारांचे आवडते उदाहरण २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचे होते, ज्यात ब्राझील, पोर्तुगाल, नेदरलँड्स आदी संघांना नायकीने बाटल्यांच्या पॉलिएस्टरची जर्सी दिली होती. नव्या पॉलिएस्टरपेक्षा त्याला ऊर्जा कमी लागते, हे मान्य. मात्र बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिची जर्सी झाली, त्यात ताणासाठी इलॅस्टेन हा लवचिक धागा मिसळला, की ते धागे वेगळे करणे अवघड होते आणि बहुधा तिचा प्रवास तिथेच संपतो. शिवाय धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू या कापडातूनही सुटतातच.

याचा अर्थ सुती कापडाकडे वळावे असा नव्हे. ते घामाने जड होते आणि कापसालाही पाणी व कीटकनाशके लागतात. कुमार गटातील मुलांची मापे वाढत असल्याने तिथे नवी खरेदी टळत नाही. प्रायोजकाच्या नावाची पट्टी मात्र चारही बाजूंनी घट्ट शिवून घ्यावी, कारण सुटी कड राहिल्यास पकड करणाऱ्याचे बोट तीत अडकते.