जिंकता संघ मोडायचा नाही म्हणता? आमचं ऐका

दादा, ‘कबड्डीत सलग आठ जिंकलो, लय लागली आहे, रविवारी तेच सात पोट्टे उतरवू ना?’ हे तुमचं वाचलं अन् मला आमच्या उजव्या कोपऱ्यावरच्या पोट्ट्याचा घोटा आठवला.

आम्ही सलग सहा जिंकलो होतो. सहाव्यानंतर तो मैदानाच्या कडेला बसला, मोजा उतरवला तर घोटा वांग्यासारखा फुगलेला. मी डोळ्यांनी पाहिला. आयोजकांकडे बक्षिसाच्या बोकडाला झूल होती, बर्फाचा खडा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्याला उतरवला. जिंकता संघ मोडायचा नसतो, असं म्हणणारा मीच. पहिल्याच चढाईत तो पकडीला वाकला अन् तिथंच बसला. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन लोण, म्हणजे दोनदा सगळा संघ बाद. ऐन कापूस वेचणीत पोट्टा महिनाभर घरी. भेटायला गेलो तर त्याच्या आईनं चहा दिला, बोलली काहीच नाही.

मी शाळामास्तर, संशोधक नाही. चुकलं तर सांगा. बाद पद्धतीत ३२ संघ असले अन् प्रत्येक निकाल नाणं उडवून लावला, तरी एक संघ सलग पाच जिंकतोच. भारत २०२३ च्या विश्वचषकात सलग १० जिंकून अंतिम सामना हरला. त्याच सामन्यापासून एकदिवसीयमध्ये ओळीनं २० नाणेफेकी हरलो, मधे कर्णधारही बदलले. तिथं कोणाची लय बिघडली होती?

लय निव्वळ भ्रम, असंही नाही. गिलोविच, व्हॅलोन, ट्वर्स्की या संशोधकांनी १९८५ मध्ये बास्केटबॉलचे फेक मोजून तसं म्हटलं होतं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या मोजणीतच खोट दाखवली. नाणं तीन-तीनदा उडवून दर वेळी छाप्यामागून छापा येण्याचं प्रमाण काढलं, तर त्याची सरासरी निम्मी नाही, ५/१२ भरते. म्हणजे अशा मोजणीत खेळाडूचं प्रमाण निम्मं भरलं, तरी ते निव्वळ नशिबापेक्षा जास्तच. तेव्हा थोडीफार लय असेलही. पण तिच्या भरवशावर संघ निवडू नका, असं माझं मत.

त्यापेक्षा गुणांची वही काढा. आमच्या सहापैकी तीन विजय एकेका गुणाचे होते, अन् एकात समोरचा मुख्य रेडर लग्नाला गेला होता! हे मी हरल्यावर पाहिलं.

अन् सामना रात्रीचा असेल तर दव पडल्यावर एकदा मैदानावर स्वतः चालून बघा. आपली काळी माती तेव्हा साबणासारखी होते.