हातात ताकद आहे, पण बॉल टेबलाबाहेर जातो. टेबल टेनिससाठी कार्बनची बॅट घ्यावी का?

घेऊ नका.

उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की 'मुंबईचा मित्र म्हणतो, लाकडाचा जमाना गेला', ते वाचून माझं डोकं फिरलं. असाच एक माणूस आमच्या घरात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

तुमचं म्हणणं असं की रत्नागिरीत ऑफिस सुटल्यावर खेळता, फोरहँड जोरात बसतो, पण निम्मे बॉल टेबलाच्या पलीकडे जातात. दुकानातली तयार बॅट बदलायची आहे. मित्राने कार्बनचा प्लाय (प्लाय म्हणजे बॅटीची रबराखालची फळी) आणि दोन्ही बाजूंना मॅक्स स्पंजची, म्हणजे खाली सगळ्यात जाड स्पंज असलेली रबरं सुचवली आहेत. म्हणजे बॉल आधीच बाहेर जातोय आणि त्यावर उपाय काय, तर आणखी वेगाची बॅट. हा कुठला हिशेब?

आणि एक गोष्ट त्या मित्राला जरूर सांगा. कार्बन कार्बन म्हणून जो प्लाय विकतात, त्यातही नियमाप्रमाणे जाडीच्या किमान ८५ टक्के लाकूडच असावं लागतं. कार्बनचा थर म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा. जमाना कुठेही गेलेला नाही.

माझं सासर कुडाळ, माहेर तुमच्याच रत्नागिरीचं. कॉलेजात असताना झोनल खेळले आहे. तेव्हा गेम २१ चा, बॉल ३८ मिलिमीटरचा आणि सर्व्हिस पाच-पाच. माझे धाकटे दीर डोंबिवलीला असतात, तेही खेळलेले, आणि त्यांचा मुलगा तिकडे रीतसर कोचिंगला जातो. एका गणपतीला भावोजी आले ते हातपाय धुवायच्या आधी बॅगेतून केस काढून माझ्या लेकीच्या हातात दिली. आत कार्बनची बॅट. लेक तेव्हा सातवीत. घरात सगळे खूश, मीही तोंडावर हसले.

बॅट हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं. प्लाय नव्वद ग्रॅमच्या आसपास, वर दोन्हीकडे जाड आणि कडक रबर. आजकालचं असं एकेक रबर कापल्यावर पन्नास ग्रॅमपर्यंत भरतं. म्हणजे एकशेनव्वद ग्रॅमचं ओझं, ते सातवीतल्या पोरीच्या मनगटावर. पण आणलंय प्रेमाने, बोलणार काय!

ती नुकती कुठे काउंटर, म्हणजे वेगाने आलेला बॉल तसाच वेगाने परत, मारायला लागली होती. जुन्या बॅटीने क्रॉसला, म्हणजे तिरके, चांगले टप्पे सलग जायचे. नवी बॅट हातात आल्यापासून चौथा-पाचवा बॉल माझ्या डोक्यावरून. तेही मी चालवून घेतलं असतं. मला खटकलं ते वेगळंच. बॉल बाहेर जातो म्हणून पोरगी हात आखडायला लागली. खांद्यापासून येणारा हात कोपरावर आला, मग मनगटावर, आणि शेवटी नुसती बॅट पुढे धरून उभी. वेगवान बॅटीचं खरं नुकसान हे आहे. पॉइंट जातात ते जाऊ देत, स्ट्रोक जातो. आणि गेलेला स्ट्रोक परत आणायला फार मेहनत पडते.

तुमच्याही बाबतीत हेच होणार बघा. आज तुम्ही मोकळा हात मारता, बॉल बाहेर जातो. कार्बन घ्याल, आणखी बाहेर जाईल, मग घाबरून अर्धा हात माराल. जी ताकद तुम्ही प्रश्नात अभिमानाने लिहिली आहे ना, तिचा उपयोगच उरणार नाही.

मी काय केलं, ती बॅट केससकट कपाटात ठेवली आणि माझा कॉलेजातला पाच थरांचा ऑलराउंड प्लाय बाहेर काढला. नुसतं लाकूड. त्याला दोन्हीकडे १.८ मिलिमीटर जाडीच्या मध्यम स्पंजाचं रबर लावायचं ठरवलं. पावसाळ्याच्या हवेत रबर चिकटवणं हा काय प्रकार आहे ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. हल्लीचा ग्लू पाण्यातला असतो, ओला असतो तोवर दुधासारखा पांढरा आणि वाळला की पारदर्शक. पंख्याखाली ठेवला, आमटीला फोडणी दिली, भात उतरवला, येऊन बघते तर कडेला पांढरी रेघ तशीच. घाई करून रबर दाबलं असतं तर आठवड्यात कडा सुटल्या असत्या. शेवटी रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी चिकटवलं. लेकीला एक बाजू गुलाबी हवी होती. २०२१ पासून ते चालतं, एक बाजू काळी पाहिजे एवढंच. दिली गुलाबी. तेवढा हट्ट पुरवायला काय जातं?

ही बातमी डोंबिवलीला पोचायची ती पोचलीच. भावोजींचा फोन. "वहिनी, एवढी महागाची बॅट कपाटात? तुम्ही अजून ३८ च्या बॉलमध्येच अडकलाय."

आता त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, म्हणून सांगते. २००० साली बॉल ४० चा झाला, २०१४ पासून प्लॅस्टिकचा आला. मोठा बॉल हवेत लवकर मंदावतो, आणि प्लॅस्टिकच्या बॉलला जुन्या सेल्युलॉइडइतकी फिरकी बसत नाही. त्यात २००८ मध्ये जुना वासाचा ग्लूही बंद झाला, जो लावला की रबर टणाटण उडायचं. मग गेलेला वेग कुठून तरी भरून काढायला हवा, तो कार्बनमधून काढा, असं भावोजींचं गणित.

मोठ्या खेळाडूंसाठी गणित बरोबरच आहे. पण त्याचं दुसरं टोक ते सांगत नाहीत. जोरात मारलेला बॉल खाली टेबलावर आणतं कोण? फिरकीच आणते. टॉपस्पिनशिवाय, म्हणजे पुढच्या बाजूला फिरकी न देता, सपाट मारलेला बॉल नेटवरून जाऊन पलीकडच्या काठाच्या आत पडायचा, तर जागा असते ती एवढीशी. नेट सव्वापंधरा सेंटीमीटर उंच, सगळं टेबल २.७४ मीटर लांब. ज्याला बॉल घासून मारता येतो त्याने वेग वाढवावा. ज्याचा बॉल सपाट जातो, त्याच्या हातात वेगाची बॅट दिली तर बॉल खिडकीबाहेरच जाणार. हे मी फोनवर सांगितलं. "बघू पुढच्या गणपतीत," म्हणाले.

पुढच्या गणपतीत खरंच मॅच लावली. ऋषिपंचमीची दुपार, शाळेचा हॉल, शिपाईमामांकडून किल्ली आणलेली. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आतल्या लाद्यांना घाम सुटलेला. पुतण्या माझ्या लेकीपेक्षा वर्षाने मोठा, आणि खोटं कशाला बोलू, स्ट्रोक तिच्यापेक्षा कितीतरी देखणे. कार्बन, मॅक्स स्पंज, सगळा सरंजाम. पहिला गेम त्याने आरामात घेतला. दुसऱ्यात लेकीने बॉल नुसता परत द्यायला सुरुवात केली. पुश, ब्लॉक, पुश, आणि उंच आला की मोकळ्या हाताने सपाट. त्याचे टॉपस्पिन नेटमध्ये जायला लागले, ते वाचवायला बॅट उघडली, म्हणजे तिचं तोंड जरा वर केलं, की टेबलाबाहेर. दर पॉइंटला बॅट टी-शर्टला पुसत होता. आमच्या सासूबाई खास मॅच बघायला खुर्ची घेऊन बसलेल्या. त्या मध्येच म्हणाल्या, "अरे झिला, टेबलार मार मां, भिंतीर कित्याक मारतंस?" पोरगा आणखी चिडला. दुसरा आणि तिसरा गेम लेकीचा. चौथ्यात सहा-सहा असताना लाईट गेली ती रात्रीच्या आरतीपर्यंत आली नाही.

भावोजी आजही सांगतात की हवा दमट होती म्हणून, नाहीतर पोरगा जिंकलाच होता. मग हवा काय फक्त त्याच्याच बाजूला दमट होती?

असो. तुमच्या बॅटीकडे येते.

पहिल्यांदा, पाकिटावरचे आकडे वाचू नका. स्पीड ९५, कंट्रोल ९३ वगैरे. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, एकाचा ९० म्हणजे दुसऱ्याचा ८०. स्पंजाच्या कडकपणाच्या डिग्रीचंही तेच, जर्मन आकडा आणि चिनी आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

त्यापेक्षा तुमचे बॉल कुठे चुकतात ते बघा. मित्राला सांगा, एक अख्खी मॅच नुसता बघत बस. ब्लॉक करताना लांब जात असतील तर प्लाय वेगवान आहे. पुश केलेला बॉल उंच उठून समोरच्याला स्मॅश मिळत असेल तर रबर फार उसळी देतंय किंवा स्पंज जाड आहे. समोरच्याची सर्व्हिस परत देताना बॉल कुठेही उडत असेल तर रबर जास्त पकडतंय, म्हणजे समोरच्याची फिरकी तुमच्या बॅटीवर चढतेय. आणि फक्त फोरहँडच बाहेर जात असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर बॅटीला हात लावू नका, बॅटीचा कोन उघडा राहतोय. त्यावर दुकानात औषध नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मी सांगेन, पाच थरांचा पूर्ण लाकडी ऑलराउंड प्लाय, ८५ ग्रॅमच्या आत. फोरहँडला २.० आणि बॅकहँडला १.८ चं साधं, जुन्या धर्तीचं रबर. मार्क व्ही नावाचं रबर १९६९ पासून बाजारात आहे, त्या जातीचं काहीही. कडक स्पंज दाबायला जोरकस हात लागतो, हळू हाताने तो दाबलाच जात नाही आणि बॉल नुसता वरच्यावर उडतो. पण तुमचा हात खरंच जड असेल तर फार मऊ स्पंजही घेऊ नका. जोरात मारल्यावर मऊ स्पंज पूर्ण दबतो, बॉल थेट लाकडावर आपटतो, ठक्क आवाज येतो आणि फिरकी गेली. म्हणून मध्यम.

तयार बॅट घेऊ नका, प्लाय आणि रबर वेगळं घ्या. वर्षा-दीड वर्षाने रबर गुळगुळीत झालं की फक्त रबर बदलता येतं, प्लाय तोच राहतो. हाताला बॅट तीच राहते, हा मोठा फायदा.

आपल्याकडच्या हवेबद्दल मित्र सांगणार नाही, म्हणून मी सांगते. खेळून झालं की रबर ओल्या स्पंजने पुसा, पूर्ण वाळवा, वर प्लॅस्टिकचा कागद लावा आणि केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाका. नवीन प्लायला रबर लावायच्या आधी पातळ वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर जुनं रबर काढताना वरच्या थराचे तंतू उचकटून येतात. चिकट चिनी रबरं जून ते सप्टेंबर वैताग देतात, त्यांच्यावर ओलावा बसला की बॉल साबणावरून सटकल्यासारखा जातो.

आणि हो, भावोजींना एवढं द्यायला हवं की दमट हवेत फिरकीवर खेळणाऱ्याचं नुकसान जास्त होतं, सपाट खेळणाऱ्याचं कमी. त्यामुळे तो एक सामना हा काही पुरावा नव्हे. तुम्ही उद्या दहातले आठ टॉपस्पिन टेबलावर टाकायला लागलात, तर सात थरांचा लाकडी प्लाय घ्या, नाहीतर कार्बन आतल्या बाजूला, मधल्या लाकडाला लागून असतो तसा. तो हळू मारला तर लाकडासारखा वागतो, जोरात मारला तर वेग देतो. चीनचा ऑलिम्पिक विजेता मा लाँग, त्याचा प्लायही आत कार्बन असलेलाच. बाहेरच्या थराखाली कार्बन असलेले प्लाय कायमच तापट.

शिवाय सगळ्यांनी एकाच वाटेने जावं असंही नाही. मनिका बत्राने बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावून २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण घेतलं. त्या रबराला कोणी वेगवान म्हणणार नाही, उलट समोरच्याचा जोर मारून टाकण्यासाठीच ते लावतात. तुम्हाला ते घ्या असं मी म्हणत नाही, साधा पुश धड येईपर्यंत दाण्यांच्या वाटेला जाऊच नका. पण वेग म्हणजेच खेळ असं समजणाऱ्यांनी तिच्या मॅच बघाव्यात.

भावोजी, हे तुमच्यापर्यंत पोचणार हे मला ठाऊक आहे, आपल्या घरात काही लपत नाही. यंदा चतुर्थीला लवकर या, मॅच आरतीच्या आधीच लावू. शाळेत आता इन्व्हर्टर बसलाय. बॅट कोणतीही आणा, फक्त सामन्यात वापरतात त्या थ्री स्टार बॉलचा एक डबा घेऊन या, कुडाळात मिळत नाहीत.