वाचकांचे प्रश्न : छोटे संग्रहालय कसे पाहावे?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलांना एका खेड्यातील लहानसे संग्रहालय दाखवायला नेले होते. जुनी अवजारे, काही छायाचित्रे आणि दोन खोल्या, एवढेच तेथे होते. पंधरा मिनिटांत सारे पाहून झाले आणि मुले कंटाळली. आता सासूबाईंसह वर्ध्याचे मगन संग्रहालय आणि सेवाग्राम पाहण्याचा बेत आहे. तेथेही असेच होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मुले कंटाळली यात त्यांचा दोष नाही. अवजार हे वापरण्यासाठी घडवलेले असते. ते कसे चालत होते आणि कोणाची कोणती अडचण त्याने दूर केली, हे कळल्याखेरीज ते नुसते लाकूड-लोखंड दिसते. म्हणून सगळे पाहण्याचा आग्रह सोडावा, एकच वस्तू निवडावी आणि तिच्यापाशी भरपूर वेळ थांबावे, असे मी आग्रहाने सुचवीन. मगन संग्रहालयात ती वस्तू अर्थातच चरखा असावी.

हे संग्रहालय ज्यांच्या नावाने उभे आहे ते गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी खादीच्या कामातील आद्य कार्यकर्ते होते. १९२८ साली त्यांचे निधन झाले आणि पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या मगनवाडीत ते आहे तेथेच १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी उभे केले. रॉकेल विकत घ्यावे लागू नये म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ही याच खटपटीतून आला. या माणसांनी भाषणे केली, त्याहून अधिक वेळ चुली, घाण्या आणि चरख्याच्या चात्या (सुताला पीळ देणाऱ्या बारीक सळया) सुधारण्यात घालवला, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तेथेच दिसते.

मुलांना आधी एक गोष्ट सांगावी. १९२९ मध्ये खादीचे काम पाहणाऱ्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी कडक होत्या : चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, स्त्रीला आठ तास फारसे न थकता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) सोळा हजार फूट सूत निघावे. सोळा हजार फूट म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. वर्ध्याहून सेवाग्रामला जाताना निम्म्याहून अधिक रस्ता मागे पडेल एवढे लांब सूत! अनेकांनी प्रयत्न केले, पण सगळ्या अटी पूर्ण झाल्या नाहीत आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. ही गोष्ट ऐकलेले मूल चरख्यासमोर उभे राहिले की आपणहून प्रश्न विचारू लागते.

मग चाक आणि चाती यांच्याकडे बोट दाखवावे. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला की माळेने, म्हणजे दोरीने, जोडलेली बारीक चाती कितीतरी वेळा फिरते. चातीच्या टोकाशी पेळूला, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीला, पीळ बसत जातो, हात मागे नेला की धागा लांबतो, आणि चाक किंचित उलटे आणि मग पुन्हा सुलटे फिरवले की तो चातीवर गुंडाळला जातो. एक हात चाकावर अडकल्यामुळे सूत काढायला एकच हात उरतो, हीच मुख्य अडचण होती. मगनलालांचे पुतणे प्रभुदास गांधी यांनी केलेला, मगनलालांचेच नाव दिलेला मगन चरखा पायाने चालतो आणि दोन्ही हातांनी दोन चात्यांवर सूत काढता येते. तेथील कार्यकर्त्यांना त्याविषयी अवश्य विचारावे. कोणी प्रत्यक्ष कातून दाखवले तर दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल.

आपला विदर्भ कापसाचा आहे, तेव्हा जाताना सरकीसकट थोडा कापूस मुलांच्या खिशात द्यावा. सासूबाईंनी लहानपणी टकळी चालवलेली असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर मार्गदर्शक त्यांनाच करावे.

सेवाग्रामच्या आश्रमात आदि-निवासापाशी, म्हणजे तेथील पहिल्या झोपडीपाशी, एवढेच सांगावे की गांधीजींनी ही झोपडी गावातल्याच साहित्यातून आणि शंभर रुपयांच्या आत बांधण्याची अट घातली होती, आणि मग मुलांना भिंती व छप्पर स्वतः न्याहाळू द्यावे. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा व सुटीचा दिवस दूरध्वनीवर विचारून घ्यावा.

प्रश्न : आमच्या काटोलकडच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा, कापसातून सरकी काढण्यासाठी हाताने फिरवायचा रेचा आहे. तो रंगवून एखाद्या संग्रहालयाला द्यावा काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अवश्य द्यावा, मात्र रंगवू नये, पॉलिशही करू नये. रेच्याच्या दोन लाटांमधून, म्हणजे फिरत्या रुळांमधून, रुई पुढे जाते आणि सरकी अलीकडे राहते, ते काम करताना लाटांवर पडलेल्या खुणाच अभ्यासकाला हव्या असतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि लाकडाला कीड लागलेली नाही ना, ते पाहावे. रेचा कोणी, कोणत्या गावी, केव्हापर्यंत चालवला आणि घरात त्याच्या कोणत्या भागाला काय म्हणत, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून काढावे. हा कागद रेच्याइतकाच मोलाचा आहे, म्हणून त्याची एक प्रत संग्रहालयाला द्यावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी आणि वस्तू देताना लेखी पोच घ्यावी.